प्लस-मायनस शिथिल करण्याबाबत

खोटं सांगत असेन तर जीभ झडो! यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे जिथे मी स्वतः हजर होतो, तिथला. जिथे नव्हतो तिथलं गुलाबरावांनी सांगितलं. आणि जिथे गुलाबरावही नव्हते तिथलं मीच कधीतरी त्यांना सांगितलं होतं, ते त्यांनी मला परत सांगितलं. पण खरं आहे!

ज्या कचेरीत कामच अंदाज करण्याचं असतं, तिथे किस्से खळ्यावरच्या कडब्यासारखे साठतात. दाणे सरकारजमा होतात, कडबा आपल्याकडे उरतो. मी इतकी वर्षं तो कडबाच चघळतोय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी होती नागपूर. आमची कचेरी पीक-अंदाजाची. जिल्ह्यात यंदा जवारी किती पिकली, हे सरकारला सांगायचं. सगळी जवारी कापून तोलणं शक्य नाही, म्हणून चिठ्ठ्या काढल्यासारखी थोडी वावरं निवडायची, प्रत्येकात दोरी-खुंट्यांनी एक चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं आणि त्यावरून अख्ख्या जिल्ह्याचा आकडा काढायचा. आकडा अंदाजी, म्हणून त्याच्यापुढे 'प्लस-मायनस' लावून आपण कितीने चुकलेले असू शकतो, तेही लिहायचं.

ते प्लस-मायनस काढायचं काम माझं. म्हणजे कचेरीतल्या चुकीचा अधिकृत कारकून मी! तोही टेंपररी.

*

पहिला किस्सा केळझरकडच्या एका गावाचा. चिठ्ठीत तिथल्या पाटलांचं एक वावर निघालं. नेमकं त्यांचं सगळ्यात रोड वावर! खडकाळ, उतारावरचं, जवारी गुडघ्याएवढी.

पाटील आडवे आले. "पाव्हण्यायले असं वावर दाखोतेत का? तिकडं नाल्यापाशी चला. काय जवारी आहे, बाप्पा! मानूस दिसत नाई आत."

आमचे गुलाबराव म्हणजे खुंट्या ठोकणारे, कापणारे, तोलणारे, सगळं तेच. आंजीचे राहणारे. ते म्हणाले, "पाटील, आमाले चांगलं नाई, चिठ्ठीतलं पायजे."

"काऊन? माह्या चांगल्या वावरात का किडे पडले?"

मी पुढे होऊन पाटलांना नमुन्याचं शास्त्र समजावलं. चांगलं समजावलं. पाटील मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "समजलं. आता जेवून घ्या, मंग तुमच्या मनासारकं करू."

आम्ही वांग्याची भाजी-भाकरी हाणून वावरात पोचलो, तर नाल्याकाठच्या त्या उंच जवारीत आमच्या चारही खुंट्या ठोकलेल्या! दोरी ताणलेली. प्रत्येक खुंटीला हळद-कुंकू, फूल, आणि एकीपुढे फोडलेला नारळ!

"गुलाबराव, उपटा त्या," मी म्हणालो.

गुलाबराव दोन पावलं मागे सरले. "तुमी उपटा. मले लेकरंबाळं हायेत."

मी पुढे झालो, खुंटीपाशी वाकलो. आणि काय सांगू, शास्त्राचा एवढा अभ्यास केलेला मी, खुंटीला नमस्कार करून खोबरं घेऊन परत आलो!

त्या वर्षी केळझरकडे जवारी फार उत्तम पिकल्याची नोंद आहे.

*

आमचे तिवारी साहेब जबलपूरकडचे. भला माणूस. पण प्लस-मायनसचा त्यांना मनापासून राग. वरून विचारणा व्हायची, 'नेमका आकडा कोणता?', आणि साहेबांची मान खाली जायची.

एकदा माझा कागद त्यांनी टेबलावर आपटला. "ये क्या है? मेरी बीवी सब्जी मंगाती है, तो क्या भाजीवाला कहता है, एक सेर, प्लस-माइनस आधा पाव?"

शेजारी मूर्ती बसला होता. मूर्ती म्हणजे आमचा गणिती. दक्षिणेकडचा, कलकत्त्याला शिकलेला, आणि मराठी शाळेच्या क्रमिक पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे आमच्यात शुद्ध बोलणारा तो एकटाच. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तो म्हणत नाही. फक्त देतो."

साहेबांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि मला म्हणाले, "देखो वसंतराव. इस साल ये ग़लती आधी करके दिखाओ. प्लॉट उतनेच. आदमी उतनेच. बैलगाडी का भाडा एक पैसा ज़्यादा नहीं. आधी करो, और मैं तुम्हारा नाम परमनेंट के लिए भेजता हूँ."

परमनंट! आता हा शब्द माझ्या छातीत का वाजला, ते सांगायला हवं.

*

त्याच आठवड्यात मी मुलगी पाहायला गेलो होतो. वडील रेल्वेत गार्ड. वर्धा जंक्शनात सगळे त्यांना गार्डसाहेबच म्हणत. मुलगी सुमन, मुलींच्या शाळेत शिकवायची. आमच्या मूर्तीची बहीणही तिथेच. पोहे तिनेच आणले आणि आत न जाता तिथेच खुर्ची ओढून बसली. त्या काळात हे पाहून माझा चमचा हातातच राहिला.

गार्डसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, जसा काही मी लेट आलोय. "नोकरी परमनंट?"

"होईल."

"नक्की?"

आता धंद्याची सवय! मी म्हणालो, "बहुतेक."

"बहुतेक?" गार्डसाहेब खुर्चीत ताठ झाले. "वसंतराव, मी जन्मभर बहुतेक हिरवा झेंडा दाखवला असता, तर तुम्ही इथवर पोचला असता का?"

सुमन हसली. मग मला म्हणाली, "तुमच्या त्या आकड्यांपुढे काहीतरी लावता म्हणे. कशासाठी?"

झालं! मी जो सुटलो! आपल्याला काय ठाऊक नाही हे लिहून ठेवणं म्हणजे केवढा प्रामाणिकपणा, चूक लपवणारा आकडा म्हणजे कसा भामटा, मी एकवेळ उपाशी राहीन पण प्लस-मायनसला हात लावणार नाही... पोहे गार झाले, तरी मी चालूच.

गार्डसाहेबांनी निकाल दिला: "परमनंटचा कागद घेऊन या. मग बोलू. टेंपररी माणसाला मी मुलगी देणार नाही."

म्हणजे चूक निम्मी झाली तर नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली तर सुमन. एवढं सोपं गणित माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही!

*

निम्मी कशी करायची? मला वाटलं, तोलण्यातच गडबड होत असणार. आमचा तराजू म्हणजे बाजारचा. मी ओळखीच्या सराफाकडून सोन्याचा तराजू मागून आणला आणि आंजीच्या खळ्यावर मांडी ठोकली. एकाच चौकोनाची जवारी, मूठमूठ करून, गुंजांपर्यंत. एकदा झाली की पुन्हा. पुन्हा झाली की पुन्हा. सगळ्यांची सरासरी काढणार होतो मी! ऊन डोक्यावर, सुमन डोळ्यांपुढे, पाठीमागे जवारीचा ढीग.

पण एक चमत्कार होत होता. दर खेपेला वजन थोडं कमी भरायचं. मी म्हटलं, वा! काहीतरी सूक्ष्म नियम दिसतोय. दाणे वाळताहेत बहुधा. मी त्याची वहीत मांडणीही सुरू केली.

तेवढ्यात गुलाबराव धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडले, "वसंतराव! मांगं पाहा ना जी! बकरी कधीची खाऊन राह्यली!"

मी वळलो. बकरीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड हलवत राहिली.

संध्याकाळी मूर्तीला सगळं दाखवलं. बकरीचं सोडून. तो म्हणाला, "वसंता, तू दिवसभर तराजूची परीक्षा घेतलीस. वावर तर एकदाच कापलं होतंस. तेच दाणे कितीही वेळा तोल, शेजारच्या वावरात काय पिकलं, ते त्यांना ठाऊक नाही."

*

मग माझं लक्ष गुलाबरावांकडे गेलं. हा माणूस वावराच्या धुऱ्यावर उभा राहून एकरी किती पिकेल ते बोलायचा. आणि नेहमी एकच बोलायचा: "आठ मण."

रोड वावर, आठ मण. गच्च वावर, आठ मण. मी मागचे पुढचे त्यांचे सगळे अंदाज आठवून पाहिले. कुठे म्हणून फरक नाही! माझ्या आकड्यांत एवढी वर-खाली, आणि इथे उतार नाही, चढाव नाही, चूक काढायची म्हटली तर शून्य!

मी धावत मूर्तीकडे गेलो. "निम्मी कशाला? चूक साफ गेली! गुलाबरावांचेच आकडे घालू."

मूर्ती स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पीत होता. तो नाकातून बाहेर आला. चहा! "शाबास!" तो डोळे पुसत म्हणाला. "भिंत ओलांडायचा हा एक मार्ग आहे खरा. वावराकडे पाहायचंच नाही."

मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीत निघालेल्या एका वावरावर मी गुलाबरावांना मुद्दाम आधी नेलं. कागदावर वावर होतं. तिथे जाऊन पाहतो, तर पाण्याने भरलेलं तळं. दोन म्हशी डुंबताहेत.

गुलाबरावांनी तंबाखूची चिमूट दाढेत धरली, तळ्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "आठ मण."

"गुलाबराव, हे तळं आहे!"

"तं? आटलं का येईन ना!"

*

कसली भिंत, ते मूर्तीने मग मला नीट सांगितलं. हॉटेलातल्या टोपलीतलं एक संत्रं उचलून म्हणाला, "यात जेवढा रस आहे, त्याहून थेंबभर जास्त निघेल का? हात बदल, यंत्र बदल, पिळणारा पैलवान आण. तसंच हे. इतक्या वावरांत जिल्ह्याची जेवढी माहिती आहे, तेवढीच आहे. मनात एक आकडा आधीच धरून न ठेवता, प्रामाणिकपणे काढायचं म्हटलं, तर चूक एका मर्यादेखाली जातच नाही. जगातल्या कोणत्याही हिशेबाने नाही. आणि आपण त्या मर्यादेच्या भिंतीला येऊन टेकलो आहोत. निम्मी हवी, तर वावरं चौपट कापायला हवीत."

मी संत्रं दाबून पाहिलं. मग हळूच विचारलं, "कुणाला भेटून काही होईल का?"

"वसंता," मूर्ती म्हणाला, "हे गणित आहे, तहसील नाही."

पण साहेबांना हे कोण सांगणार? मीच सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "ये लिमिट लगाई किसने?"

"गणिताने, साहेब."

"सर्क्युलर दिखाओ."

सर्क्युलर कुठून आणणार! साहेबांनी मग मला मसुदा सांगितला, मी तो लिहिला आणि अर्ज नागपूरला गेला. विषय: 'अंदाजातील चुकीची किमान मर्यादा वर्धा जिल्ह्यापुरती शिथिल करण्याबाबत.'

उत्तर आलं: 'सदर मर्यादा कोणत्या आदेशान्वये लागू झाली, त्याची प्रत जोडावी.' साहेबांनी मूर्तीकडून त्या भिंतीची सिद्धता पानभर लिहवून घेतली, खाली 'सत्यप्रत' असा शिक्का मारला आणि पाठवून दिली. पुढे राज्यं बदलली, वर्धा मुंबई राज्यात गेलं, आणि आमचं प्रकरणही मुंबईला गेलं. तिथून एक ओळ आली: 'प्रकरण विचाराधीन आहे.'

माझ्या माहितीप्रमाणे अजून आहे!

*

पण ते पुढचं. इकडे अहवाल पाठवायची वेळ आली. माझ्यापुढे कोरा फॉर्म, हातात टाक. प्लस-मायनसच्या जागी निम्मा आकडा लिहिला, तर विचारणारा कोण होता? मूर्ती बोलला नसता. साहेब तर पेढे वाटणार होते.

मी लिहायला गेलो आणि मला ते गार पोहे आठवले. तिच्यापुढे मी एवढी फुशारकी मारून बसलो होतो की आता निम्मी लिहायची सोयच उरली नव्हती! लोक सत्यासाठी खरं बोलतात. मी आदल्या बढाईसाठी बोललो. अख्खं प्लस-मायनस लिहिलं.

साहेबांनी कागद पाहिला. रागावले नाहीत. खरंच भला माणूस. फक्त म्हणाले, "तो फिर परमनेंट भूल जाओ, बेटा."

*

इकडे गार्डसाहेब गप्प बसले नव्हते. स्थळाची चौकशी करायची तर ती रीतसर! ते एका दुपारी आमच्या कचेरीत आले आणि एकेकाला बाजूला घेऊन विचारू लागले.

ते येणार, हे गुलाबरावांना स्टेशनवरच कळलं होतं. त्यांनी सकाळीच सगळ्यांना चहा पाजला आणि बजावलं, "सगळ्यायनं एकच सांगाचं. इकडं-तिकडं झालं तं मानूस भेतो. आठ मण म्हनलं का आठ मण!"

तिवारी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "लडका निर्व्यसनी, मनमिळाऊ, होतकरू." साहेबांच्या तोंडून 'होतकरू' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा निघाला आणि शेवटचा.

मूर्तीने तेच तीन शब्द, त्याच क्रमाने, क्रमिक पुस्तकातल्या उच्चारांसकट सांगितले. गुलाबरावांनीही तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, "पोट्टा एकदम पक्का आहे, साहेब. लेहून घ्या!"

गार्डसाहेब खूश होऊन घरी गेले. "सुमन, तीन ठिकाणी विचारलं. तिघांचं शब्दाला शब्द जुळतं! नोकरीचं काय ते कागद आल्यावर कळेलच, पण मुलाबद्दल इतकी खात्री मी आजवर कुठल्या स्थळात पाहिली नाही."

सुमन वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही तिघांना विचारलंत की एकालाच तीनदा?"

आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती सरळ ताराबाईंच्या खानावळीत गेली. मी तिथे दोन्ही वेळ जेवायचो. त्या वेळी मी नेमका उशिराचं जेवत होतो. ती दारातून आली, माझ्याकडे एक नजर टाकली, आत स्वयंपाकघरात गेली आणि ताराबाईंशेजारी पाट घेऊन बसली.

माझ्या तोंडात घास. आतून ताराबाईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच दोघी हसल्या. फार हसल्या! मग सुमन बाहेर आली, चपला घातल्या आणि गेली. ताराबाईंनी माझ्या ताटात न मागता एक पोळी टाकली. "खा, बापू," म्हणाल्या. त्यावरून काहीच अंदाज येईना. प्लस की मायनस, तेही नाही!

*

रविवारी मी गार्डसाहेबांकडे गेलो. सांगायलाच हवं होतं.

"कागद आणला?"

"नाही."

"कधी मिळणार?"

जिभेवर 'बहुतेक' आलं होतं. मी ते गिळलं. "माहीत नाही. यंदा तर नाहीच. पुढचं सांगता येत नाही."

गार्डसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं. मला वाटलं, गाडी सुटली. मी टोपी उचलली.

"थांबा," सुमन म्हणाली. "बाबा, मी चौकशी केली आहे."

"कुणाकडे?"

"जिथे यांच्या मित्रांनी चहा पाजला नव्हता तिथे."

"मग? काय कळलं?"

"ताराबाई म्हणाल्या, मानूस बरा हाय. पोळीची वाट पायतो, वरडत नाई. भाजी खारट झाली तं पानी पेतो, बोलत नाई. पन जे सांगन त्यातलं अर्धं सोडून देजो."

मी टोपी खाली ठेवली. परत उचलली.

"अर्धं!" गार्डसाहेब गरजले. "आणि नोकरी टेंपररी! अगं, तू आणखी चार ठिकाणी विचार. खात्री करून घे!"

"कितीही ठिकाणी विचारलं तरी थोडी चूक उरणारच, बाबा. पण जे उरतं, ते या माणसानं स्वतः लिहून दिलंय. परमनंट हुकलं तरी अहवालात लिहून दिलंय. शाळेत मूर्तीसरांच्या बहीण आहेत, त्यांनी सांगितलं मला." मग ती माझ्याकडे वळली. "एवढ्या चुकीत मी संसार करीन."

गार्डसाहेब उठले. खुंटीवर त्यांचे दोन्ही झेंडे एकात एक गुंडाळून टांगलेले असत. त्यांनी ती गुंडाळी काढली, दारापाशी गेले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि हळूहळू एक झेंडा उलगडू लागले. माझ्या जागेवरून रंग दिसत नव्हता.

सुमनच्या जागेवरून दिसत होता.

*

आता यातलं खोटं काय, ते सांगून टाकतो. बकरी खरी. तळं खरं. म्हशी दोन नव्हत्या, एकच होती. खुंटीचं खोबरं मी खाल्लं, हेही खरं. झेंडासुद्धा खरा आहे, हवं तर आमच्या घरी येऊन पाहा, दाराला पडदा म्हणून लावलाय.

खोटं एवढंच, की ताराबाई जे बोलल्या ते मी मनाने लिहिलंय. त्या खरोखर काय म्हणाल्या, ते सुमनने आजतागायत मला सांगितलेलं नाही. परवा हे लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "असंच काहीतरी म्हणाल्या होत्या ना?"

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हो. प्लस-मायनस."